दुसऱ्याच्या गुडघ्याची बातमी

ज्या अमेरिकन फुटबॉल टीमवर मी आणि माझा मित्र गेली चाळीस वर्षं जीव टाकून आहोत, ती टीम आमच्या गावची नाही. आम्ही राहतो टेक्सासमध्ये, शुगर लँडला. टीम आहे उत्तरेकडच्या एका गोठलेल्या शहराची, जिथे मी एमएस केलं आणि त्याने हाडांच्या डॉक्टरकीची रेसिडेन्सी. तिथल्या थंडीला कंटाळून आम्ही दोघंही एकाच वर्षी दक्षिणेला पळालो. जाड कोट तिथेच वाटून टाकले, टीम मात्र बरोबर घेऊन आलो. ती तेव्हाही हरायची, आजही हरते.

हरणाऱ्या टीमच्या चाहत्यांना एक मोठं सुख असतं, ते म्हणजे ड्राफ्ट. दर एप्रिलमध्ये या व्यावसायिक टीम कॉलेजात खेळणाऱ्या मुलांमधून आपापले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, आणि जी जास्त हरली तिची पाळी आधी. त्यामुळे जिंकणाऱ्या टीमचे लोक फेब्रुवारीत दमून झोपतात तेव्हा आमचा हंगाम सुरू होतो. तीन महिने नुसती चर्चा. मैदानावर कोणी उतरत नाही, त्यामुळे हरण्याचा प्रश्नच येत नाही.

मी रिटायर्ड प्रोसेस इंजिनियर आहे, म्हणून माझ्याकडे एक्सेल शीट होती. प्रत्येक खेळाडूची उंची, वजन, हाताची लांबी, पळण्याचा वेग, कॉलेजातली कामगिरी, सगळ्याला गुण आणि गुणांना भार. मित्राचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. तो सोफ्यावर आडवा होऊन व्हिडिओ बघायचा आणि निदान करायचा.

"याची कंबर बघ. तिशीत जाणार."

"तुला कुठे दिसली कंबर? ती मुलाखत चालू आहे, खुर्चीत बसलाय तो."

"बसण्यावरूनच कळतं," डॉक्टर म्हणायचा. "मी जन्मभर हेच केलंय."

आमच्यापैकी कोणी कधी हेल्मेट डोक्यावर घातलेलं नाही. मी शाळेत खो-खोत राखीव होतो. डॉक्टरचा खांदा एकदा कपाटावरची बॅग काढताना निखळला होता. पण एकशे चाळीस किलोचा माणूस चाळीस यार्ड पाच सेकंदांत धावून दाखवायचा आणि आम्ही हातातली चिवड्याची वाटी खाली न ठेवता म्हणायचो, "पाय जड आहेत."

बायको एकदा आमच्यामागे उभी राहून हे ऐकत होती. टीव्हीवर कोणीतरी एका खेळाडूचा हात टेपने मोजत होतं आणि मी हळहळत होतो, की अर्धा इंच कमी पडला.

"अहो, कशाला अर्धा इंच कमी पडला?" तिने विचारलं.

"समोरचा अंगावर येतो ना, त्याला लांबूनच अडवायला लागतं."

"मग हा अडवत नाही का?"

"अडवतो. कॉलेजात एकालाही जाऊ दिलं नाही त्याने."

"मग?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. या 'मग'ला माझ्या शीटमध्ये कॉलम नव्हता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली टीम इतकी वाईट हरली होती, की आमची पाळी सातवी होती. माझ्या शीटने एकाच माणसाला पहिला नंबर दिला. तो मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीचा टॅकल होता. म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर कोणी धावून आलं तर भिंतीसारखा मध्ये उभा राहणारा. मला तो फार आवडला होता. डॉक्टरने अकरा सेकंदांची एक क्लिप पाहिली, ज्यात तो खेळाडू बसमधून उतरत होता, आणि जाहीर केलं, "डावा गुडघा गेलाय."

"अरे, बसमधून उतरतोय तो!"

"पायरीवर आधी उजवा टाकला. दुखणाऱ्याला वाचवतोय. लिहून घे."

यावरून आमचं आठवडाभर वाजलं. आमचा एक व्हॉट्सॅप ग्रुप होता, त्या जुन्या शहरातून इकडे तिकडे पांगलेल्या आठ मराठी माणसांचा. तिथे चार जण डॉक्टरच्या बाजूने गेले, दोन माझ्या. कोणी कोणाला 'यार, तुला गेम कळत नाही' म्हणालं, कोणी ग्रुप सोडला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत आला.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. आमची एकुलती एक मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्या टॅकलच्याच युनिव्हर्सिटीत खेळाडूंबरोबर काम करत होती. ती डॉक्टर झाली नाही, इंजिनियर झाली नाही. त्यामुळे लोकांनी विचारलं की मी "ती स्पोर्ट्समध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलायचो. सहा वर्षांत मी तिला तिच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी तिला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला.

"काय गं, तुमच्या टॅकलचा गुडघा कसा आहे?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "बाबा, आर यू सीरियस?"

"फक्त हो किंवा नाही सांग. मी कोणाला सांगणार नाही."

"आय कांट टॉक अबाउट एनी अ‍ॅथलीट. इट्स द लॉ, बाबा. आणि मी स्विमर्सबरोबर काम करते. आय डोंट इव्हन सी द फुटबॉल गाइज."

"पण एका बिल्डिंगमध्ये आहात. येता-जाता दिसत असेल. लंगडतो का?"

"बाबा. स्टॉप. आईला द्या फोन."

मी फोन दिला. पण इंजिनियरचं डोकं, मिळेल त्या आकड्यातून उत्तर काढायची सवय. ती आधी गप्प बसली होती. गुडघा ठणठणीत असता तर 'ठीक आहे' म्हणून मोकळी झाली असती, असं मी धरलं. संध्याकाळी डॉक्टर चहाला आला तेव्हा मी त्याला, केवळ प्रामाणिकपणापोटी, सांगितलं, "तुझं बरोबर असेल कदाचित. मुलीला विचारलं. ती काही बोलली नाही."

"काही बोलली नाही?" डॉक्टर सोफ्यावरून उठून बसला. चाळीस वर्षांत मी त्याचं बरोबर आहे असं पहिल्यांदाच म्हणालो होतो. तो इतका हरखला, की चहा अर्धा टाकून घरी गेला.

पुढचा प्रवास मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळला. डॉक्टरने ग्रुपवर लिहिलं, 'गुडघ्याची बातमी पक्की, आतून आलीय.' जॉर्जियात अल्फारेटाला राहणाऱ्या आमच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने ती टीमच्या चाहत्यांच्या फोरमवर इंग्रजीत टाकली आणि वजन यावं म्हणून एक ओळ जोडली, की तिथल्या रिहॅब स्टाफपैकी एकीच्या वडिलांनी दुजोरा दिला आहे. दोन दिवसांत एका पॉडकास्टवाल्याने ती वाचून दाखवली. आमच्या दिवाणखान्यात बसमधून उतरण्यावरून सुरू झालेली गोष्ट आता 'वैद्यकीय सूत्रां'कडून येत होती. खरं सांगतो, मी तो पॉडकास्ट ऐकला आणि घाबरलो नाही. मला वाटलं, अरे वा, हे तर आपणच!

मुलीचा फोन गुरुवारी दुपारी आला. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, सावकाश बोलत होती. तिच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना विचारलं होतं, की हे कोणाचे वडील. ती स्वतःच उठून बॉसकडे गेली आणि म्हणाली, बहुतेक माझे.

"अगं, पण तू काही सांगितलंच नाहीस!" मी म्हणालो.

"आय नो दॅट. तुम्हाला माहितीय. त्यांना कसं माहीत असणार?"

त्यांनी कॉम्प्युटर तपासला. तिने त्या खेळाडूची फाइल कधी उघडलीच नव्हती, त्यामुळे नोकरीवर काही आलं नाही. पण ऑगस्टपासून तिला फुटबॉल टीमबरोबर काम करायला घेणार होते. तीन वर्षं ती त्या जागेसाठी थांबली होती. ती जागा आता दुसऱ्याला दिली. कोणी तिला दोष दिला नाही, फक्त म्हणाले, की या वर्षी नको, बरं दिसणार नाही.

"तू फुटबॉलमध्ये जाणार होतीस?" मी विचारलं. "मला कुठे काय माहीत?"

"आईला माहीत होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी तुझ्या बॉसला पत्र लिहितो. ती म्हणाली, प्लीज नको. मी म्हणालो, मग मी फोन करतो, तिकडे येतो. "बाबा," ती म्हणाली, "डू नथिंग. तेवढंच करा."

काहीच न करणं मला जमलं नाही. त्याच दुपारी मी फोरमवर खातं उघडलं आणि लिहिलं, की ते वडील मी आहे, माझ्या मुलीने मला काहीही सांगितलेलं नाही, मला त्या गुडघ्याबद्दल शून्य माहिती आहे, आणि हे सगळं एका निवृत्त माणसाचं बसमधून उतरणाऱ्या खेळाडूकडे बघणं आहे. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं, 'आता मुलीला वाचवतायत.' दुसरं होतं, 'म्हणजे गुडघा नक्की गेलाय.' तिसऱ्याने विचारलं, दुसऱ्या एका खेळाडूच्या खांद्याबद्दल काही कळलंय का. रात्रीच्या जेवणापर्यंत मी त्या फोरमवरचा सर्वांत विश्वासार्ह माणूस झालो होतो. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला.

डॉक्टरला मी झाला प्रकार सांगितला. ही मुलगी त्याच्या मांडीवर वाढली होती. तिचं मोडलेलं मनगटाचं हाड त्यानेच बसवलं होतं. तरी तो म्हणाला, "पण मी गुडघ्याचं माझ्या डोळ्यांनी सांगितलं होतं. तिचं नाव कशाला आणलंस तू?" मी म्हणालो, "आतून बातमी आलीय असं कोणी लिहिलं?" आम्ही बराच वेळ भांडलो आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, की आपण कोणाची चूक जास्त मोठी याचेसुद्धा नंबर लावतोय. तो उठून गेला. महिनाभर आला नाही.

ड्राफ्टच्या संध्याकाळी मात्र आला. बेल वाजवून दारात उभा राहिला, हातात काकडीची कोशिंबीर. बायकोने दार उघडलं आणि वाटी घेतली.

आम्ही टीव्हीसमोर बसलो, पण शीट उघडली नाही. मला एकच धास्ती होती. आमच्या बडबडीमुळे त्या खेळाडूला कोणी घेतलंच नाही तर? पहिला नंबर गेला, दुसरा गेला. टीव्हीवर तो दिसत होता, घरच्या सोफ्यावर आईवडिलांच्या मध्ये, नवा सूट घालून, मांडीवर फोन ठेवून. त्याची आई त्याच्या बाहीवरचं काहीतरी झटकत होती. तीन महिने मी त्याचे हात, वजन, सेकंद पाठ केले होते. त्याला आई असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चौथ्या नंबरला दुसऱ्याच टीमने त्याला घेतलं. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

"अरे, आपला गेला!" डॉक्टर म्हणाला.

"गेला! गेला एकदाचा!" मी म्हणालो. त्यांच्याकडे खरे डॉक्टर असतात, ते खरे गुडघे खरोखर तपासतात. आमचा फोरम त्यांनी वाचलासुद्धा नसणार. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. थोडा अपमानही वाटला, ते खोटं कशाला बोलू?

आमच्या टीमने सातवी पाळी अदलाबदलीत दुसऱ्या टीमला देऊन टाकली आणि बऱ्याच मागच्या पाळीला एक असा माणूस घेतला, ज्याचं नाव आमच्या आठ जणांपैकी कोणाच्याही यादीत नव्हतं. ग्रुपवर दहा मिनिटं शुकशुकाट. मग अल्फारेटाहून मेसेज आला, 'मी कधीपासून हेच म्हणत होतो.'

मुलगी उन्हाळाभर आईशी बोलत राहिली, माझ्याशी 'हाय बाबा, बाय बाबा.' डॉक्टरने तिला स्वतः फोन करून माफी मागितली. काय बोलला ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती जागा तिला मिळाली. ते मला बायकोकडूनच कळलं, पोळी वाढता वाढता.

त्यानंतर ती थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली. दुपारी मी जिन्यावरून खाली येत होतो आणि ती खालून बघत होती.

"बाबा, कठड्याला इतकं का धरता?"

"असंच. वय झालं."

"नाही. युअर हिप इज वीक. बसा इकडे."

तिने बॅगेतून रबराचा एक पट्टा काढला, माझ्या पायांभोवती अडकवला आणि पाय बाजूला न्यायला सांगितला. मी घाईत नेला. ती म्हणाली, सावकाश, न्यायचा तसाच परत आणायचा. मग मी तिला विचारलं, "तू दिवसभर हेच करतेस का?" आणि ती सांगायला लागली. सकाळी सहाला काय असतं, ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाय टेकवताना माणसं काय बोलतात, कोण रडतं, कोण शिव्या देतं, एका माणसाला पायरी चढायला पुन्हा शिकवायला किती आठवडे जातात. एकाही खेळाडूचं नाव नाही. हा कोण, तो कुठल्या टीमचा, असं मीही काही विचारलं नाही. मला तसं सुचलंही नाही, असं म्हणणार होतो, पण सुचलं होतं. तोंड बंद ठेवलं.

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, जेवण तयार आहे.

"दोन मिनिटं, आई," मुलगी म्हणाली आणि माझ्या घोट्यावर हात ठेवला. "बाबा, अजून पाच. मोजा."