बंबाखालची वांगी

लोक मला विचारतात, तुम्हाला एवढे किस्से आठवतात कसे? आठवायला कशाला लागतात! तीन बिऱ्हाडं, एक परसदार आणि सगळ्यांत मिळून एकच बंब असला की किस्से राखेसारखे साचतात. रोज सकाळी उपसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. मी उपसून टाकले नाहीत, एवढंच.

ही गोष्ट बोरिवलीची, पन्नास सालानंतरची. स्टेशनपासून थोडं आत गेलं की वाड्या लागत. त्यातल्या एका वाडीत मारीबायची बैठी चाळ होती. मारीबाय जुन्या गावठाणातली ख्रिस्ती बाई, आमची घरमालकीण. एका टोकाला ती, मधे मी आणि आमचे हे, म्हणजे नाना, आणि दुसऱ्या टोकाला तात्या. मागे मारीबायची वांग्या-वालाची वाडी. परसात न्हाणीघराला लागून तांब्याचा भलामोठा बंब तीन दगडांवर बसवलेला. सगळ्यांच्या अंघोळी त्याच्यावर. अंघोळी चालू असताना खाली जे निखारे पडत, त्यात ज्याला जे भाजायचं ते त्यानं भाजावं, असा मारीबायचा कायदा होता.

तात्या सरकारी कचेरीत कारकून. बायको टायफॉईडनं गेली, मागे सात वर्षांची कुंदा. दिवस झाल्यावर तात्यांची मोठी बहीण, अक्का, साताऱ्याला परत निघाल्या, तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "संक्रांतीला येते. पोर वाळलेली दिसली तर घेऊन जाणार. पुरुषाच्या हातच्या जेवणावर पोरी वाढत नसतात."

तात्या "बरं" म्हणाले. कुंदानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला होता. अक्कांचा टांगा दिसेनासा होईपर्यंत तो तिनं सोडला नाही.

म्हणजे संक्रांतीपर्यंत तात्यांना स्वयंपाक यायला हवा होता.

* * *

पहिला प्रयोग स्टोव्हवर झाला. तात्यांनी पंप मारला, ज्योत छताकडे गेली आणि तात्या अंगणात. त्यानंतर त्यांनी स्टोव्हला हात लावला नाही. "वहिनी, ज्याला सारखी पिन करावी लागते त्याचा काय भरवसा?" म्हणाले. शेवटी ठरलं, भात-भाकरी माझ्याकडे, तोंडीलावणं तात्यांकडे, आणि तात्यांचं तोंडीलावणं बंबाखाली.

त्या दिवशी कांदेनवमी होती. चातुर्मास लागला की तात्यांकडे कांदा-वांगं बंद, तेव्हा हे शेवटचं वांगं. मारीबायनं थोरलंसं काढून दिलं. तात्यांनी ते धुतलं, पुसलं आणि तसंच निखाऱ्यांत ढकललं. वांग्याला आधी टोचे मारायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, एवढं तर माणसाला माहीत असतंच.

नाना न्हाणीघरात होते. अंगभर साबण, डोळे मिटलेले. बाहेर फाटकन आवाज झाला. बंब फुटला असं समजून नाना पंचा गुंडाळून जे पळाले ते थेट मारीबायच्या कोंबड्यांत. वरून पाऊस, खाली कोंबड्यांचा कलकलाट. मारीबाय खिडकीतून म्हणाली, "नाना, जीव वाचला ना? मंग माज्या कोंबड्या सोडा."

तात्या बंबापाशी उकिडवे बसून आत बघत होते. तिथूनच शांतपणे म्हणाले, "नाना, बंब शाबूत आहे. वांगं गेलं."

* * *

पण माणूस चिवट. चातुर्मासात त्यांनी हात बसवला. श्रावणात मक्याची कणसं, भाद्रपदात केळीच्या पानात गुंडाळलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी, वर मीठ, मिरची आणि दही. एवढाच मसाला. कुंदा जेवायला लागली.

नवरात्रात रताळी आली आणि आमच्या घरात वाद सुरू झाले. रताळ्याला निखारा मंद लागतो. जाळ वाढवला की साल कोळसा आणि आत कच्चं. म्हणून तात्या सकाळी बंबापुढे पाट टाकून बसत आणि अंघोळींचे नंबर लावत. "नाना, आज रताळी आहेत. जाळ वाढवता यायचा नाही. जरा थांबा."

नाना थांबले. पाणी तापेपर्यंत ऑफिसला उशीर झाला.

"साहेबाला काय सांगू आता?" नाना चिडून म्हणाले.

"खरं ते सांगा. रताळी कच्ची होती."

नानांना वेळेवर खोटं सुचत नाही, हा त्यांचा जुना आजार. त्यांनी साहेबापुढे उभं राहून तेच सांगितलं. साहेब पारशी. त्यानं चष्मा काढला, नानांकडे पाहिलं आणि विचारलं, "मग शेवटी शिजला की नाय?"

दुसऱ्या दिवशी नाना डब्यात दोन रताळी जास्तीची घेऊन गेले. नवरात्र संपेपर्यंत ऑफिसात उशिराचा विषय निघाला नाही.

* * *

चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य, आणि त्या दिवसापासून वांगं पुन्हा पानात. तात्या महिनाभर वाट बघत होते. या वेळी टोचे मारले, तेल लावलं, देठ राखला. वांगं असं उतरलं की साल एका ओढीत निघून आली. कुंदानं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "बाबा, आजचं भरीत झकास झालंय. रोज असंच करा."

तात्या खूश. मग त्यांनी स्वतः घास घेतला आणि थांबले. उठून माझ्याकडे आले. "वहिनी, जरा वास घेता?"

मी वास घेतला आणि पदर तोंडाला लावला. त्याच राखेत, वांग्याला अगदी खेटून, मारीबायनं सुके बोंबील भाजले होते!

मारीबायला कळलं तेव्हा ती रडायलाच आली. "मना काय ठावं, तुमचं वांगं हाय तिथं. पोरीला बाटवली गो मी." तात्या म्हणाले, "मारीबाय, पोर आज पहिल्यांदा मागून जेवली. त्याचं काय करू?" तरी पण नियम झाला. तात्यांनी एक वीट घासून धुतली आणि बंबाखाली बरोबर मधे उभी केली. डावीकडे तात्यांची वांगी, उजवीकडे मारीबायचे बोंबील. आणि हे साताऱ्याला कळता कामा नये, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. कुंदाला मात्र सांगायचं राहून गेलं.

* * *

थंडी पडली तसे तात्या मला शिकवायला लागले. मला! "वहिनी, भरतात कांदा चिरून घालू नका. वांग्याशेजारी सालासकट भाजायचा आणि मग कुस्करायचा." माझी उभी हयात चुलीपुढे गेली आणि हा स्टोव्हला घाबरणारा माणूस मला कांद्याचं सांगतोय. मी हो हो म्हटलं आणि ते कचेरीत गेल्यावर करून पाहिलं. चांगलं लागलं. तात्यांना सांगितलं नाही. उगाच चढले असते.

मग वालाच्या शेंगा आल्या. ओवा-मीठ लावून मडक्यात भरायच्या, मडकं राखेत उपडं घालायचं. कुंदा शेंगा सोलत अंगणभर हिंडायची. तिचे फ्रॉक कमरेत तटतटायला लागले. दोनदा मी शिवणी उसवून सोडल्या, आणि प्रत्येक वेळी तात्यांना बोलावून दाखवल्या. ते उसवलेल्या जागेवरून बोट फिरवायचे आणि जायचे.

* * *

भोगीच्या आदल्या दिवशी अक्का आल्या. बरोबर एक रिकामी पत्र्याची ट्रंक. आत वर्तमानपत्राचे कागद अंथरलेले. ती ट्रंक कुणाच्या कपड्यांसाठी आहे हे कुणी विचारलं नाही.

अक्का सोवळ्यातल्या. दुसऱ्याच्या चुलीवरचं त्यांना चालत नसे. कांदा-लसूण तर नाहीच. ओसरीवर बसल्या आणि मारीबायची वाडी बघून म्हणाल्या, "ही वांगी होय? वांगी ती आमची कृष्णाकाठची. इथल्या खाऱ्या हवेत कसलं वांगं येतंय?" मारीबाय माझ्यामागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

मग त्यांनी कुंदाला पुढ्यात घेतलं. मनगट धरून पाहिलं, गाल पाहिले. चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय जेवतेस गं रोज?"

"राखेतलं," कुंदा म्हणाली. "छान असतं."

अक्कांनी तात्यांकडे पाहिलं. "राखेतलं जेवायला घालतोस पोरीला? तिची आई असती म्हणजे?" तात्यांची मान खाली गेली. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हिला घेऊन निघते," अक्का म्हणाल्या आणि हातपाय धुवायला उठल्या. त्या रात्री आमच्याकडे कुणालाच जेवण गेलं नाही.

भोगीच्या सकाळी तात्या नेहमीसारखे बंबापुढे बसले. वांगी लावली. अक्का अंघोळ करून बाहेर आल्या तेव्हा म्हणाले, "अक्का, तुझ्यासाठी आहे. पाण्याचा थेंब नाही लावला. नुसतं भाजलंय, दही घरचं, कांदा नाही. भाजलेलं तर तुला चालतं ना?"

अक्का वाकल्या. बंबाखाली नीट पाहिलं. "ही वीट कसली?"

मी नानांकडे पाहिलं, नानांनी कोंबड्यांकडे. कुंदा मात्र आनंदानं पुढे आली. "आत्या, पलीकडे मारीबायचे बोंबील असतात. एकदा आपल्या वांग्याला वास लागला होता, तेव्हा बाबांनी वीट लावली. बाबा रोज धुतात ती."

मारीबाय दारात थिजली. मी मनातल्या मनात कुंदाचे फ्रॉक ट्रंकेत भरून मोकळी झाले.

तात्यांचं सगळं लक्ष वांग्याकडे, कारण त्याची एक बाजू करपायला आली होती. त्यांनी निखाऱ्यांत हात घातला, देठ धरून वांगं उलटलं, दुसरं उलटलं, बोटं धोतराला पुसली. सगळी टोकं काळी आणि राठ झाली होती. या माणसाला लहानपणी ताटातला भातसुद्धा निववून द्यावा लागे, असं अक्काच आम्हाला सांगत.

अक्कांनी ती बोटं पाहिली. मग विहिरीकडे गेल्या, कठड्याजवळच्या ढिगातली एक वीट उचलली, तिच्यावर दोन तांबे पाणी ओतलं आणि पदर खोचून ती बंबाखालच्या विटेवर नेमकी बसवली.

"एका विटेनं काय होतंय?" त्या म्हणाल्या आणि पाटावर जाऊन बसल्या.

भरीत दोनदा मागून घेतलं. चांगलं झालंय असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. हात धुताना एवढंच पुटपुटल्या, "कृष्णेचं पाणी नाही याला."

* * *

पण बोलल्या म्हणजे बोलल्या. संक्रांतीचा तिळगूळ झाला आणि दुसऱ्या सकाळी टांगा दाराशी उभा. आदल्या संध्याकाळी मी अक्कांना ट्रंक भरताना पाहिलं होतं, कुंदाचे फ्रॉक घडी करून एकेक ठेवताना. मी तिथून निघून आले.

तात्या ट्रंक घेऊन बाहेर आले. जड होती, एका अंगाला कलले होते. चेहरा रोजचा. नाना दुसरी कडी धरायला धावले. मला रडू आवरेना. मारीबाय तर दाराआडून बाहेरच आली नाही. मी म्हटलं, "अक्का, पोरीला एकदा भेटू तरी द्या."

तेवढ्यात कुंदा आतून आली. परकरात, दोन्ही हातांत फ्रॉकांचा ढीग, हनुवटीनं दाबून धरलेला.

"काकू, हे कुठे ठेवू? आत्यानं बाहेर काढले. म्हणाली, ट्रंकेत जागा नाही."

अक्का टांग्यात चढून बसल्या होत्या. त्यांनी टांगेवाल्याला दटावलं, "हळू ठेव रे. वांगी आहेत आत."

नाना ट्रंकेची कडी धरून तसेच उभे. त्यांच्या तोंडून जे मनात आलं तेच निघालं. "अक्का, साताऱ्याला वांगी?"

अक्कांनी पदर सारखा केला आणि समोर बघत म्हणाल्या, "चल रे, गाडी चुकेल."