मडक्याची दाढी

न्हाव्याच्या पोटात गोष्टी साठतातच बाप्पा! गिऱ्हाईक डोळे मिटून बोलत राहतं, आपण ऐकत राहायचं. पण माझ्याजवळच्या गोड गोष्टी दुकानातल्या नाहीत, अमरावतीच्या सरकारी तंत्रशाळेतल्या आहेत.

मी केशकर्तनाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा बाळापूरला आमचे बाबा दिवसभर हसले. पिढ्यान्‌पिढ्या गावाची दाढी करणारे ते. म्हणाले, "मासोळीच्या पोराले पोहण्याची शाळा?"

*

पहिला महिना नुसती मडकी. साबणाचा फेस लावायचा, वस्तऱ्यानं हळूच उतरवायचा. दुपारचं ऊन आरशातून भिंतीवर हलायचं, डोळे जड व्हायचे. एकदा मी मडक्यालाच विचारलं, "पाणी गरम तं नाही नं?" सगळा वर्ग हसला.

*

चंपी शिकवताना मास्तर स्वतः खुर्चीत बसले. डोक्यावर हात सुखदेवचे, भातकुलीकडच्या माझ्या दोस्ताचे. मास्तर सांगता सांगता झोपले. आम्ही तासभर श्वास रोखून उभे. घंटा झाली तसे जागे होऊन म्हणाले, "दहापैकी दहा."

*

सुखदेवचं घर बौद्ध. दीक्षा घेतली तरी गावचा न्हावी त्यांच्या केसाला हात लावत नव्हता. ते एकमेकांचे केस घरच्या कैचीनं कापत. सुखदेवला गावातलं आपलं दुकान दिसायचं: निंबाखाली एक खुर्ची, एक आरसा आणि वर टांगलेलं सर्टिफिकेट. सांगताना त्याचा आवाज अगदी मऊ व्हायचा. एकदा त्यानं विचारलं, "तुह्या बाबानं कापले असते काय आमचे?" मी ब्रश धूत राहिलो. लाज वाटली मला.

*

परीक्षेला गिऱ्हाईक ज्याचं त्यानं आणायचं. नाही आणलं तर नापास. माझे मामा आले होते, बाबा नुसते बघायला. सुखदेवचं गिऱ्हाईक त्याचा भाऊ, त्याची एस.टी. चुकली. फाटकाबाहेरचा एक जण तयार झाला, पण सुखदेवचं नावगाव कळल्यावर त्याला काम आठवलं. सुखदेव रिकाम्या खुर्चीमागे उभा. परीक्षकानं घड्याळ पाहिलं.

बाबा उठले. जन्मभर आपली दाढी आपणच केलेला माणूस. टोपी काढून माझ्या हातात दिली आणि जाऊन सुखदेवच्या खुर्चीत बसले.

सुखदेवनं फेस लावला, वस्तरा उघडला, गळ्यापाशी नेला आणि परत मागे घेतला. बाबांनी मान मागे टाकली, डोळे मिटले.

"काहून घाबरून राह्यला बापू? गळा तं माहा आहे."