पद्माक्काच्या उचललेल्या जीपा

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत. स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांसारखे ते कोपऱ्यात टाकले जातात, आणि एके दिवशी लक्षात येते, की ढीग खिडकीपर्यंत आला.

आमचे गॅरेज तंजावूरच्या राजवाड्यामागील गल्लीत आहे. मालक रघुनाथराव. त्यांची कन्या पद्माक्का इंजिनियर. चिखलाबांधांवर चालाव्यात म्हणून जीपा उंच करण्याचे काम तिचे. मी सुटे भाग सांभाळतो. डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो. अतिशयोक्ती हे असत्याचे सभ्य नाव आहे.

*

यंदाचा हंगाम सुरू झाला तो देवाच्या जीपने.

तिरुवैयारुपलीकडच्या एका खेड्यातील उत्सवमूर्ती दरवर्षी कालवा ओलांडून पलीकडच्या मंडपात जाते. पूर्वी खांद्यांवरून जात असे. खांदे चेन्नईला गेले. गावाने जुनी जीप घेतली. सारथ्य रघुनाथरावांचे, ती त्यांच्या घराण्याची सेवा. गेल्या वर्षी ऐन कालव्यात इंजिनात पाणी शिरले आणि देव मध्येच थांबले. म्हाताऱ्या बायका काठावर रडत उभ्या राहिल्या.

पुजारी गॅरेजात आले. "राव, यंदाही स्वामी थांबले, तर पुढल्या वर्षी कोणी यायचं नाही. उत्सव संपला म्हणा!"

रघुनाथरावांनी कन्येकडे पाहिले. ती तोवर जीपखाली शिरली होती.

*

त्याच आठवड्यात एक तरुण जमीनदार नवी जीप घेऊन आला.

"अक्का, सहा इंच उचला! गल्लीत सगळ्यांच्या माना वर झाल्या पाहिजेत."

"माना वर करायला मंदिराचं शिखर आहे. तुला वळायचंय, की नुसतं दिसायचंय?"

"दोन्ही, अक्का."

"मग दोन इंच."

त्याने दोनच घेतले. लोभाला इतक्या थोड्या शब्दांत निरोप मिळालेला मी क्वचित पाहिला.

*

तांदूळ गिरणीचे सेल्वराज दुसऱ्या गावी जीप उंच करवून आले होते. रेल्वेचे फाटक ओलांडले, की पुढची चाके अशी थरथरत, की त्यांच्या पत्नीने जीपमध्ये बसणेच सोडले.

"हादरे शोषायला नवा डँपर टाकला, अक्का. थोडे दिवस बरं होतं."

"तापावर चंदन लावलंत, सार. ताप आतच आहे."

तिने त्यांना जीपखाली वाकायला लावले. एक दांडा ॲक्सल जागेवर धरतो. दुसरा स्टीअरिंगचा हुकूम चाकाला पोहोचवतो. दोघांचा उतार सारखा हवा. जीप उचलणाऱ्याने एकाच दांड्याची जागा बदलली होती.

"पालखीचे दोन खांदेकरी समजा," पद्माक्का म्हणाली. "एक वर चढला, दुसरा तिथंच राहिला. देव डोलणारच!"

सेल्वराज जीपखालूनच उद्गारले, "अय्यो! आणि मी रस्त्याला शिव्या देत होतो!"

तिने दोन्ही दांडे समांतर केले. पुढे एकदा ते फाटक ओलांडताना मला दिसले. पत्नी शेजारीच होती. गाढ झोपलेली!

*

काम संपले, की पद्माक्काची एक परीक्षा असते.

पुढचा ॲक्सल मुळात किंचित मागे कललेला असतो. जीप उंच केली, की तो कल बिघडतो, आणि वळणानंतर स्टीअरिंग आपण होऊन सरळ येत नाही. म्हणून ती स्प्रिंगच्या पाट्याखाली लोखंडी पाचर बसवते. पाचर बरोबर बसली की नाही, हे कालव्याकाठच्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर ठरते. समोर मोठ्या मंदिराचे शिखर. जीप माणसाच्या चालीने न्यायची आणि शिखराला दोन्ही हात जोडायचे. सरळ गेली, तर काम पुरे. न गेली, तर परत गॅरेज.

ही मुभा तेवढ्या रस्त्यापुरतीच. एरवी स्टीअरिंगवरून हात उचलणाऱ्याला रघुनाथराव गॅरेजची पायरी चढू देत नाहीत. "स्टीअरिंग सोडणं म्हणजे सेवा सोडणं," हे त्यांचे वाक्य.

खादरभाईंची जीप तयार झाली तेव्हा ते अडले. "अक्का, मी हात जोडत नाही. मी दुवा मागतो."

"हात स्टीअरिंगवर नसले म्हणजे झालं, भाई. ते कुठं जातात, हे मी विचारत नाही."

खादरभाईंनी तळवे उघडले. जीप तसूभर ढळली नाही. मी मागे बसलो होतो. देवाकडे जाणारा रस्ता सरळ असला, की त्याला नाव लागत नाही.

*

देवाच्या जीपवरून मात्र बापलेकीत जुंपली.

"चार इंच उचल. देवाचं काम आहे!"

"देवाचं काम आहे म्हणूनच दोन, अप्पा. चार इंचांत ती बांधावर डोलेल. तिथं दोन्हीकडे पाणी आहे."

"आणि कालव्यात पुन्हा बंद पडली तर?"

"दोन इंच मी जीपला देते. उरलेले दोन गावानं कालव्यातून काढावेत."

पुजारी तिथेच बसून ऐकत होते. मग उठून कालव्याचे पाणी सोडणाऱ्या माणसाकडे गेले. उत्सवाच्या सकाळी वरचे दार घटकाभर बंद राहिले. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या देवाकडे पाणी मागितले, त्याने देवासाठी पाणी थांबवले!

*

त्या सकाळी मी मूर्तीमागे बसून मखर धरले होते. रघुनाथराव स्टीअरिंगवर, शेजारी पद्माक्का. पुजारी पुढे पायी.

कालवा पार झाला. पाणी इंजिनाला शिवले नाही. काठावरच्या बायकांचा आवाज उठला. पुढे बांध होता. जीपच्या रुंदीचाच, दोन्ही अंगांना भातशेतांत साचलेले पाणी, टोकाला मंडप. रघुनाथरावांची बोटे स्टीअरिंगवर पांढरी पडली होती.

मंडपाशी नादस्वराची लांब सनई वाजू लागली. आरती आम्ही पोहोचल्यावर व्हायची होती. कोणाला धीर निघाला नाही. बांध अर्धाच सरला होता, तोच कापूर पेटला.

रघुनाथरावांचे दोन्ही हात स्टीअरिंगवरून उठले आणि जोडले गेले.

"राव!" मी ओरडलो. नादस्वरात माझा आवाज बुडाला. मखर सोडता येईना. जीप माणसाच्या चालीने सरळ चालत होती. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी.

पद्माक्का हात लांबवून स्टीअरिंग धरील, म्हणून मी तिच्याकडे पाहिले.

तिचेही हात जोडलेले होते. डोळे मिटलेले.