आठ एमबीची म्हैस

आमच्याकडच्या म्हशींच्या व्यापाऱ्याची धाकटी सून लग्नाआधी फोटो स्टुडिओत कामाला होती. लोकांच्या तोंडावरचे फोड पुसायचे, गाल गुळगुळीत करायचे, हे तिचं काम. सासरी आली तेव्हा तिच्या वाट्याला गोठा आला, एक जुना कॉम्प्युटर आला आणि सासऱ्यांची वेबसाइट आली.

सासरे मोबाइलवर फोटो काढायचे आणि जसाच्या तसा चढवायचे. एकेक फोटो आठ एमबीचा. गिऱ्हाईक कुठल्या तरी गोठ्यात उभं, एका हातात बादली, दुसऱ्यात फोन, आणि रेंज असून नसल्यासारखी. आधी शिंगं उमटायची, मग बऱ्याच वेळानं पाठ. कास दिसायच्या आत माणूस वैतागून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळायचा. आणि म्हैस घेणारा बघतो ती कासच.

"मामंजी, तुमची म्हैस लोकांच्या फोनात शिरतच नाही."

"मग काय उपाशी ठेवू तिला?"

"म्हशीला नको. फोटोला ठेवा."

तिनं फोटोतलं आभाळ कापलं, भिंत कापली, शेणाचा ढीग कापला, दोरी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याचे पायसुद्धा कापले. फोनची काच वीतभर, तिथं भिंतीएवढा फोटो कशाला? रुंदी उतरवली. मग दर्जाची पट्टी खाली ओढली, आणखी ओढली. आठ एमबीचे साठ केबी झाले. पान पापणी लवायच्या आत उघडायला लागलं, सासऱ्यांचा फोन दिवसभर वाजायला लागला. थोरल्या जावेनं तिचं नाव कातरी ठेवलं. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

एका दुपारी एक दूधवाली टेम्पो घेऊन आली. फोटोत पसंत केलेली म्हैस बघायला दोन तासांवरून आली होती. आली तशी खाली बसली, कास चाचपली आणि उठली.

"मागच्या उजव्या सडावर व्रण आहे. फोटोत का नाही?"

"जुना आहे तो. सांगणारच होतो की तुम्हाला," सासरे म्हणाले.

"कधी? टेम्पोत माझी हाडं खिळखिळी झाल्यावर? चाळीस वर्षं तुमचं नाव ऐकतेय. आता पावडर लावून म्हशी विकता होय?"

अंगणात आणखी चार गिऱ्हाइकं होती. सासऱ्यांचं तोंड उतरलं. जनावराची खोट आधी सांगायची आणि मग दात दाखवायचे, यावर त्यांचा सगळा धंदा उभा. ते सुनेकडे वळले. "आजच्या आज बंद कर ते सगळं. मला माझी जीभ पुरे आहे."

सून रडली नाही, रुसली नाही. कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी लावले आणि दूधवालीला आत बोलावलं. मूळ फोटोत व्रण होता, गवताच्या काडीएवढा. हलक्या फोटोत नुसती काळीभोर कातडी.

"फोटो पिळला की शेजारशेजारचे सारखे रंग एक होतात. काळ्यावरचा काळा व्रण आधी जातो. मला कास गुळगुळीत दिसली, बरंच वाटलं. स्टुडिओतली खोड. चूक माझी आहे, मामंजींची नाही."

"मग परत आठ एमबी करणार? माझ्याकडे तो उघडत नाही, बाई."

"नाही करणार. अर्धा तास बसा."

अख्ख्या म्हशीचा फोटो तिनं हलकाच ठेवला. पण कास, तोंड आणि खूर मूळ फोटोतून वेगवेगळे कापून घेतले. तुकडे मुळात लहान, त्यामुळे ते फारसे पिळावे लागले नाहीत. खाली शब्दांत खोट लिहिली. दूधवाली फोन घेऊन मुद्दाम फाटकाबाहेर गेली, जिथं रेंज मरते तिथं. म्हैस लगेच आली. कासेवर बोट ठेवलं, दोन श्वासांत सड आला.

"दिसतोय," ती म्हणाली. "पण आज माझं डोकं फिरलंय. आज नाही घेत."

टेम्पो रिकामा गेला. सासरे फाटक लावून म्हणाले, "आठ दिवस बघतो. आणखी कुणी असं बोललं तर बंद म्हणजे बंद."

सून कामाला लागली. गोठ्यातली एकेक म्हैस तशीच कापली, तशीच लिहिली. जाऊ म्हणाली, "अगं, सगळी खोट लिहिलीस तर घेणार कोण?"

"ज्याला दूध काढायचंय तो घेईल."

सहाव्या दिवशी दूधवालीचा फोन आला. सासऱ्यांनी उचलला.

"ती एका शिंगाची, मागच्या खुराला भेग असलेली. पाठवून द्या."

"येऊन बघत नाही?"

"बघितली की फोनवर, माझ्या गोठ्यात बसून. भेग दाखवलीत, म्हणजे बाकीचंही लपवलं नसेल."

सासऱ्यांनी फोन खिशात टाकला. सुनेचं कौतुक वगैरे त्यांच्या तोंडून निघालं नाही, ते तसले नव्हेतच. दुसऱ्या दिवशी म्हशी धुऊन झाल्या आणि सून मोबाइल घेऊन निघाली, तेवढ्यात गोठ्यातून त्यांचा आवाज आला.

"आत्ता नको गं! ओलं अंग चमकतं, डाग लपतात. वाळू दे, मी हाक मारतो."