बाटलीवरचे पंधरा

गाडी मी घेतली. 'आम्ही' म्हणत नाही, कारण नवऱ्यानं शोरूमच्या दारापर्यंत यायचेही कष्ट घेतले नव्हते. "तुला चालवायची आहे, तू बघ," एवढं बोलून तो वर्तमानपत्रात शिरला तो शिरलाच. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नेरूळच्या आमच्या सोसायटीत तेव्हा मोजून तीन गाड्या, आणि त्यातली एक बाई चालवणार म्हटल्यावर सेक्रेटरींनी मला अगदी भिंतीकडेची जागा दिली, तळमजल्यावरच्या चाचींच्या खिडकीखालची. ठोकलीच तर भिंतीला ठोकेल, असा त्यांचा विचार असावा. मला राग आला होता, पण जागा सावलीची नसली तरी सोयीची होती.

गाडी गडद निळी. तिथेच पहिली चूक झाली. जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांकडून वारा फिरला की सकाळी टपावर बारीक राखाडी थर बसलेला असे, आणि तो पुसला की खाली पांढुरके ठिपके उरत. दोन महिन्यांत माझी नवीकोरी गाडी कुणाची तरी जुनी घेतल्यासारखी दिसायला लागली. ऑफिसला निघण्याआधी मी रोज फडकं घेऊन घासत बसे आणि घासताना कारखान्यांना, वाऱ्याला, सेक्रेटरींना जे सुचेल ते बोले. चाची खिडकीत तांदूळ निवडत सगळं ऐकत असत.

चाची मूळच्या श्रीवर्धनकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा मस्कतला नोकरीला. दुपारी चार-पाच मुली त्यांच्याकडे कुराण वाचायला शिकायला येत. चाची अरबी असं वाचत की जिना चढणाऱ्याचा पाय थबकावा. मराठी मात्र त्यांना नुसती बोलता येई, वाचता येत नसे. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे तो पत्र मराठीत लिही, आणि ते घेऊन चाची आमच्याकडे वर येत. मी वाचायची, त्या ऐकायच्या आणि "परत वाच" म्हणायच्या.

त्या उन्हाळ्यात आलेलं पत्र अगदी छोटं होतं. 'सुट्टी मंजूर झाली आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या विमानाने येतो. बाकी भेटीत.' चार वर्षांनी येत होता तो.

"येतोय," चाची म्हणाल्या. "आता परत नाय ना जायचा?"

मी पत्राकडे पाहिलं. 'सुट्टी' हा शब्द तिथं होता. पण चार वर्षांत एकदाही न आलेला माणूस, कदाचित राहिलेली सगळी सुट्टी घेऊन कायमचाच येत असेल. की नसेल? मला खरंच कळेना. चाचींचा चेहरा मात्र असा फुललेला की माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही जाणार. तसंच दिसतंय."

चाचींनी पत्र घडी करून ओढणीच्या टोकाला बांधलं. मग त्या खाली गेल्या आणि कपाटातून एक बाटली घेऊन परत वर आल्या. गाडीच्या रंगावर कवच चढवणारं औषध होतं ते, कोटिंग म्हणायचे तेव्हा. मुलानं दोन वर्षांपूर्वी कुणाबरोबर तरी पाठवलं होतं. परत येऊन इथं गाडी घेईन तेव्हा तिला लावायला, जपून ठेव, असा निरोप होता.

"हे तुज्या गाडीला लाव, बाय."

"अहो, त्याच्या गाडीसाठी आहे ना?"

"तो आला की सोताच्या गाडीला दुसरी आनंल. त्याला आनायला आपून चमकत्या गाडीतून जाऊ."

मला चालवायला शिकून तीन महिने झाले होते आणि वाशीचा खाडीपूल मी अजून एकदाही ओलांडला नव्हता. तरी विमानतळावर मीच नेणार, असं मी छातीठोकपणे कबूल करून बसले होते.

शनिवारी सकाळी गाडी धुतली, पुसली, नवऱ्याचे दोन जुने बनियन फाडून फडकी केली. बाटली हातात घेतली तर समोर इंग्रजीत फक्त नाव, आणि मागची सगळी माहिती अरबीत. मी ती चाचींच्या हातात दिली. त्या खुर्ची घेऊन बाहेर आल्या, चष्मा लावला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. काय तो आवाज! मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या दोघी गॅलरीत आल्या. गाडी पुसायच्या सूचना इतक्या तन्मयतेनं कुणी ऐकल्या नसतील.

वाचून झालं. मी विचारलं, "मग? आधी काय करायचं?"

चाचींनी बाटलीवर बोट ठेवलं. "हितं पंधरा लिवलंय."

"पंधरा काय?"

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, आणखी सावकाश. "पंधरा," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी विचार करत बसलो. पंधरा थेंब? इतक्या मोठ्या गाडीला पंधरा थेंब कसे पुरतील? पंधरा वेळा घासायचं? पंधरा मिनिटं ठेवायचं? चाची म्हणाल्या, "पंधरा मिन्टात काय मुरतंय? लोनचं तरी मुरतंय काय?" हे मला पटलं. पटायला नको होतं, पण पटलं. मी टपापासून चाकांवरच्या पत्र्यापर्यंत सगळीकडे जाड हात मारला आणि गाडी दुपारपर्यंत उन्हात मुरत ठेवली.

दुपारी पुसायला गेले तर फडकं सरकेना. औषध वाळून पत्र्याला धरून बसलं होतं. निळ्या गाडीवर पांढरे फराटे, कुणी चुना फासल्यासारखे. साबण लावला, गरम पाणी ओतलं, काही उपयोग झाला नाही. उद्या सकाळी ही गाडी घेऊन त्या मुलाला आणायला जायचं होतं, त्याचंच औषध नासवून. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी चिडते.

"चाची, नीट बघा ना काय लिहिलंय! तुम्हाला वाचता येतं ना?"

"वाचता येतं. समजत नाय."

"म्हणजे?"

"आमाला बराबर वाचायला शिकवलं, बाय. अर्थ नाय शिकवला कुनी."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तू इचारलंस कुटं?"

खरंच विचारलं नव्हतं. पण मी ते कबूल करायच्या मूडमध्ये नव्हते. "मग उगाच एवढा वेळ वाचत कशाला बसलात?" असं मी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. चाचींनी खुर्ची उचलली आणि त्या आत गेल्या. खिडकीही लागली.

वर येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पेपर खाली केला. "तू रोज अथर्वशीर्ष म्हणतेस," तो म्हणाला, "त्यातल्या चार ओळींचा अर्थ सांग बरं." मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि भांडी आपटली. चार सोडा, दोन ओळींचाही नीट सांगता आला नसता. शाळेत मला पाठांतराचं बक्षीस होतं.

रविवारी सकाळी खाली उतरले तर चाची माझ्याआधी तिथं. नवा सलवार-कमीज घातलेला, बाह्या दुमडलेल्या, हातात खोबरेल तेलाची वाटी. बॉनेट त्यांनी जवळजवळ साफ केलं होतं. टप आणि दारं तशीच फराट्यांची. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाले, "चाची, काल मी फार वाईट बोलले. माफ करा."

"चल, विमान येईल," त्या म्हणाल्या.

पूल मी कसा ओलांडला ते मला आठवत नाही, स्टिअरिंगला हात चिकटले होते एवढं आठवतं. सहार विमानतळावर मुलगा बाहेर आला. वाळला होता, कानाजवळ केस पांढरे. आईला मिठी मारून झाल्यावर त्याची नजर गाडीकडे गेली. त्यानं दारावरून बोट फिरवलं आणि तो हसला.

"वहिनी, हे पंधरा मिनिटांत पुसून काढायचं असतं. तेही सावलीत."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा टॅक्सीवाला बघत राहिला.

परतताना ती दोघं मागं बसली होती. चाची अखंड बोलत होत्या. आता तुजी गाडी घेऊ, पांढरी घेऊ, तिला बराबर पंधरा मिन्टं ठेवू. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. तो हसत नव्हता.

पूल लागला तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, मला पंधराच मिळालेत."

"पंधरा काय?"

"दिवस. सुट्टी पंधरा दिवसांची आहे."

चाची पुढं वाकल्या. मग चाचींनी मला विचारलं, "बाय, पत्रात व्हतं काय हे?"

"पंधरा नव्हतं," मी घाईनं म्हणाले. आणि मग म्हणावंच लागलं, "'सुट्टी' असं होतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "समोर बघून चालव."

मी समोर बघून चालवली. शनिवारचं माझं ओरडणं कानात वाजत होतं. त्यांना अर्थ येत नव्हता आणि त्यांनी एकही खोटा अर्थ सांगितला नव्हता. मला पत्राचा अर्थ येत होता. निदान येत असावा. आजही मी स्वतःला तेवढं ठामपणे सांगू शकत नाही. पण गाडीत मला लाज वाटली ती कळत असल्याचीच लाज होती.

तो गेला त्या दिवशीही मीच सोडायला गेले. फराटे तोवर बरेच निघाले होते, मागच्या दारावरचा एक मात्र गाडी विकेपर्यंत राहिला. पुढचं पत्र महिन्याभरानं आलं. चाची ते माझ्याकडे आणतील असं मला वाटत नव्हतं. पण त्या वर आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "आनि मंग काय लिवलंय, ते पन सांग."