नवसाबाईंचे सूप आणि सभागृहाचे दिवे

नाशिकच्या सिडकोत, पाण्याच्या टाकीमागच्या ओळीत, कोणाच्याही घरी वर्षाचे धान्य येऊन पडले की पहिली हाक नवसाबाईंना जात असे. सिन्नरकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या येथे आल्या, त्यास पंचेचाळीस वर्षे झाली. नवरा सावळीराम अंबडच्या कारखान्यात कामाला होता. तो गेल्यावर नवसाबाईंनी आपला संसार एका सुपावर तोलून धरला. त्यांचे सूप हलले की खडा कोपऱ्यात, कोंडा वाऱ्यावर आणि दाणा आपल्या जागी, असा चोख न्याय होत असे. वय अडुसष्ट, परंतु हात तरणे, आणि जीभ हातांहून तरणी.

अशा या नवसाबाईंना शेजारच्या यशोदाबाईंनी एके दिवशी सांगितले, की कॉलनीच्या सभागृहात प्रौढांचा वर्ग सुरू होत आहे, तर आपण दोघींनी नाव घालावे.

"माझ्या गवऱ्या नदीला पोचल्या, आन् आता मी पाटी धरू?" नवसाबाई म्हणाल्या. "तू जा. कलेक्टर झालीस म्हंजे मला शिपाई ठेव."

बोलून गेल्या खऱ्या. मात्र मनुष्य बहुधा ज्या गोष्टीला भितो, तिचीच थट्टा करतो. बँकेत अंगठा उठवताना नवसाबाई पदर पुढे ओढून घेत, हे यशोदाबाईंनी अनेकदा पाहिले होते. तरी त्यांनी ते बोलून दाखवले नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

सभागृहाला त्याच उन्हाळ्यात नवे दिवे बसले होते. त्यांना भिंतीवर बटण नव्हते. प्रत्येक दिव्याच्या पोटाशी एक बारीक डोळा होता. माणूस हलताना दिसला की दिवे लागत, आणि सात मिनिटे कोणीच हलले नाही, की आपसात ठरवल्याप्रमाणे सगळे एकदम विझत. शहरातली अशी अकरा सभागृहे एकाच जाळ्यात गुंफलेली होती आणि त्यांची किल्ली एका कंत्राटदाराच्या कचेरीतल्या मोबाईलमध्ये होती. विजेची बचत ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु दिवे बसवणाऱ्यांनी बैठका, वाढदिवस आणि हळदीकुंकू यांचा विचार केला होता. पन्नाशी ओलांडलेल्या चौदा बायका अक्षर गिरवताना किती निश्चल बसतात, याचा विचार कोणी केलेला नव्हता.

'क'चे पोट वळवायचे म्हणजे श्वाससुद्धा रोखून धरावा लागतो. तेवढ्यात दिवे विझत. मग चौदाही जणी हात वर करून ओवाळल्यासारखे हलवीत. दिवे लागत. आता दिवा लागला की हात जोडायचे, ही प्रत्येकीची लहानपणापासूनची सवय. म्हणून पेन्सिली खाली ठेवून चौदा नमस्कार होत. असे तासाला आठ वेळा घडू लागले. शिक्षिका तेजस्विनी मॅडम वयाने लहान व स्वभावाने शांत होत्या. त्यांनी कचेरीत अर्ज दिला. अर्ज विचाराधीन आहे, असे उत्तर आले आणि तो तसाच राहिला.

"निदान सोबतीला तरी चल," यशोदाबाई एका संध्याकाळी म्हणाल्या.

"रिकामी बसायला मी काय पाव्हणी हाय?" असे म्हणून नवसाबाई निघाल्या, त्या सूप आणि पाच किलो तांदूळ घेऊनच. मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून त्यांनी पाखडायला सुरुवात केली. त्या दिवशी दिवे एकदाही विझले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः त्यांच्या घरी आल्या. "आजी, तुम्ही रोज याल का?"

"येईन. पण मी शिकायला नाय येत हां. मी दिव्यासाठी येते."

याप्रमाणे नवसाबाईंना मानाची जागा मिळाली. पुढे बसलेल्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरांना हसण्याचा अधिकारही त्यांनी आपण होऊन घेतला. लंकाबाई नावाची एक फटकळ बाई वर्गात होती. ती एकदा मागे वळून म्हणाली, "हस, बाई, हस. जात्यातले रडतात आन् सुपातले हसतात. तुझी बी पाळी यील."

ती पाळी आतल्या आत केव्हाच आलेली होती. फळा सगळ्यांना दिसतो, तसा तो कोपऱ्यातूनही दिसत होता. नवसाबाईंचे सूप शेणाने सारवून काळपट झालेले, वर पांढरेशुभ्र तांदूळ. त्यात बोट फिरवले की अक्षर उमटे, आणि एक झटका दिला की पुसले जाई. पाटी नको, खोडरबर नको, साक्षीदारही नको. तीन महिन्यांत नवसाबाईंनी अर्धी बाराखडी अशी तांदळात गिरवली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

एका गुरुवारी प्रफुल्ल नावाचा दिव्यांचा माणूस हातात मोबाईल घेऊन वर्गात आला.

"मॅडम, आमच्याकडे तुमचं सभागृह दिसतं. सगळीकडे शुकशुकाट आणि मागच्या कोपऱ्यात रोज दीड तास नुसती धावपळ. तिथे कोणी मशीन लावलंय का?"

"मशीन नाही. त्या नवसाबाई आहेत."

"आन् आम्ही चौदा जणी काय भुतं?" लंकाबाईंनी विचारले.

"मोबाईलला तुम्ही दिसतच नाही, मावशी. इतकं शांत कोणी बसतं का?"

"हे माझ्या सुनेला येऊन सांग, बाबा!"

वर्ग खदखदून हसला. हजेरीपटावर जिचे नाव नव्हते, दिव्यांच्या हजेरीत तेवढी एकटीच होती.

प्रफुल्लने सर्व पाहून घेतले आणि आश्वासन दिले, "सोमवारी साहेबांची सही झाली की सात मिनिटांचा पाऊण तास करून देतो. शनिवारी एकदा येऊन माप घेतो. मग आजींना त्रास नको."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवसाबाई मात्र पाखडतच राहिल्या. दिवे आपोआप राहू लागले, तर कोपऱ्यात बसायला निमित्त काय उरले? आणि ज्या पाटीची थट्टा केली, ती आता मागायची कोणत्या तोंडाने? त्यांनी मनाशी ठरवले, की सोमवारच्या आत आपले नाव एकदा तरी पुरे लिहायचे, मग घरी बसायचे.

शनिवारी मॅडमनी प्रत्येकीला कागद दिला आणि आपले नाव लिहायला सांगितले. त्या स्वतः लंकाबाईंचा हात धरून बसल्या. प्रफुल्ल दाराबाहेर उभा राहून मोबाईल पाहत होता. नवसाबाईंनी तांदूळ पसरले. न झाला. व झाला. सा आणि बा ओळीत उभे राहिले. राहिली शेवटची ई. तिचे शेपूट डावीकडे वळवावे की उजवीकडे, आणि डोक्यावरचा तुरा कुठून काढावा? नवसाबाईंनी फळ्याकडे पाहिले, सुपाकडे पाहिले, बोट टेकवले, उचलले. पंचेचाळीस वर्षांत जे सूप मांडीवर कधी स्वस्थ राहिले नव्हते, ते स्वस्थ राहिले.

दिवे विझले.

"नवसाबाई, झोपलीस का गं?" अंधारातून यशोदाबाईंचा आवाज आला आणि चौदाही जणी एकदम मागे वळल्या. त्या वळल्या म्हणून दिवे लागले. दिवे लागले म्हणून सवयीने सर्वांचे हात जोडले गेले. तोंडे मागे होती, तेव्हा ते चौदा नमस्कार सरळ नवसाबाईंना आणि त्यांच्या सुपाला पोहोचले.

सुपात अक्षरे होती.

"न... व... सा... बा..." यशोदाबाईंनी मागे झुकून एकेका अक्षराकडे बोट करत वाचले. फळा सोडून दुसऱ्याने लिहिलेले काही आपण वाचत आहोत, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. "आन् पुढचं गं?"

"सुपातली जात्यात पडली!" लंकाबाई ओरडल्या.

नवसाबाईंचे दोन्ही हात सुपाच्या कडांना होते. एक झटका दिला असता, तर सगळे तांदूळ पुन्हा तांदूळ झाले असते आणि लंकाबाईंना काय दिसले, हे लंकाबाईंनाही सिद्ध करता आले नसते. मनगट वर उचललेही गेले. मग ते हळूच खाली आले.

"दात नंतर काढा," नवसाबाई म्हणाल्या. "आधी ईचं शेपूट कुणीकडं वळतं ते सांगा. अडलंय माझं."

यशोदाबाईंनी सरकून आपल्या सतरंजीवर जागा केली. नवसाबाई उठल्या. सूप सांभाळून दारापर्यंत नेले आणि प्रफुल्लच्या हातात दिले. देण्याआधी त्यांनी आपली चार अक्षरे हात फिरवून पुसली, ती मात्र स्वतःच.

"सही सोमवारी व्हायचीय ना? दिवे तुझे हायेत. मग ये आत आन् हलव."

"मला नाही येत, आजी."

"मला तरी कुठं येत व्हतं?"

प्रफुल्ल कोपऱ्यात बसला. पहिल्याच फटक्यात मूठभर तांदूळ जमिनीवर पडले आणि खडे सुपात राहिले. दिव्यांना पाखडण्यातले काही कळत नव्हते. त्यांना हालचाल पुरेशी होती. पुढच्या ओळीत मॅडमनी हजेरीपट उघडून पंधरावी रेघ आखली. नवसाबाई यशोदाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या, पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरली, आणि मागे न पाहता म्हणाल्या, "दाणे नाय रे, खडे पाड खाली. आन् थांबू नको. माझी ई व्हायचीय अजून."