ज्याला आमी औषध म्हणत होतो

“नळाला हात लावू नको! विष हाय तुझ्या हाताला. आमची लेकरं पितात तिथं.”

मालकीण ओट्यावरून ओरडली. मी नळाच्या पुढ्यात होते. तशीच थांबले. हात पुढं केलेले. कोपरापर्यंत पांढरट पाणी सुकलेलं. बोटांच्या बेचक्यात आग होऊन राहिली होती.

हळद लावणीचे दिवस होते. आमच्याकडं लावणीच्या आधी हळदीचं बेणं औषधाच्या पाण्यात बुडवतात, कीड लागू नये म्हणून. मालकाच्या अंगणात मोठा ड्रम. सकाळपासून मी आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या चार बाया त्या ड्रमात हात घालून बेणं खालीवर करत होतो. उघड्या हातानं. सकाळी मीच मालकाला विचारलं होतं, “अण्णा, हाताला घालायला काही मिळंल का?”

तो हसला. म्हणाला, “तुमच्या चामड्याला काय होतंय? सवय हाय तुमाला.”

म्हणजे सकाळी आमच्या हाताला काही होत नव्हतं. आणि दुपारी त्याच हाताला विष होतं.

मी मालकिणीला विचारलं, “मग धुऊ कुठं?”

“मातीला पूस. इतकं काय लागून गेलं?”

मी हात मातीला पुसले. मग लुगड्याला पुसले. लिंबाखाली झोळीत माझी पोरगी रडून राहिली होती. आठ महिन्याची. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी तिला घेतलं आणि पाजलं. त्याच हातानं.

हे मी आधी सांगून टाकते. कारण पुढं जे जे झालं, त्यात मला सगळ्यात जास्त हेच आठवतं.

त्या घरात आमाला पाणी वरून ओतायचे. ते जुनंच होतं. आईनं तसंच ओंजळीनं पिलं, आजीनं पिलं. पण त्या दिवशी मला कळंना, की नळापासून हटकलं ते जातीमुळं का औषधामुळं. दोन्हीचा विटाळ एकच झाला होता. चार दिवस काम होतं. चारी दिवस हात घातले. तळहाताची साल निघाली. रात्री खोबरेल लावून झोपायची, सकाळी परत ड्रमापाशी.

शेवटच्या दिवशी मालकिणीनं औषधाचा एक रिकामा डबा माझ्यासमोर टाकला. झाकणाचा, पाच लिटरचा. “ने घरी. धुऊन घे, पाण्याला होईल.” मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. राखेनं तीनदा घासला. त्यातच पाणी घेऊन मी रानात जायची. तेच पाणी लेकराला पाजायची.

पुढच्या थंडीत पोरीला झटके यायला लागले. डोळे वर जायचे, हातपाय ताठ. हिंगोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला होता. मी त्याला विचारलं, कशानं झालं? तो म्हणाला, “ते छातीठोक नाही सांगता येणार. बरीच कारणं असतात.” गोळ्या लिहून दिल्या. त्या चालू हायेत अजून.

त्याच थंडीत शेतकी कॉलेजच्या पोरी गावात राहायला आल्या होत्या. शिक्षणाचा भाग असतो त्यांचा. त्यातली एक आमच्या वाड्यात माहिती लिहायला आली. गाव तिचं कळमनुरीकडचं. माझ्या घरात बसली, पाणी मागितलं न्हाई तरी मी द्यायला उठले. डब्याचं झाकण काढलं आणि ती एकदम म्हणाली, “ताई, थांबा. ह्यात काय ठेवता तुम्ही?”

“पाणी.”

तिनं डबा उचलला. उजेडात नेला. डब्यावरचा कागद अर्धा निघालेला होता, उरलेला तिनं नखानं सरळ केला. बराच वेळ वाचलं. मग तिनं मला खाली बसवलं.

“हे बंद झालेलं औषध आहे, ताई. सरकारनं बंद केलंय. हे लवकर जात नाही. मातीत वर्षानुवर्षं राहतं. पाण्यात उतरतं. माणसाच्या चरबीत साठत जातं.” तिनं खाली बघितलं. माझ्या मांडीवर पोरगी झोपली होती. “आईच्या दुधातूनसुद्धा जातं.”

मी तिला म्हणलं, “परत सांग.”

तिनं परत सांगितलं.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. डबा सहा-सात महिने माझ्या घरात होता. कागदावर मराठीत बी लिहिलेलं होतं, बारीक, पण होतं. मी एकदा बी वाचलं नव्हतं. औषध म्हणलं की वाचायचं काय? औषध चांगलंच असतं. शब्दच असा देऊन ठेवलाय.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “झालं ते झालं. गवगवा करू नको.” जावेला सांगितलं. सुभद्रा तिचं नाव. आमच्या बायांची टोळी तीच नेते. ती म्हणाली, “मग काम सोडू का? सांग, काय खाऊ?” तिचं बराबर होतं.

लावणी आली. मालकाचा निरोप आला. मी गेले. ड्रम भरलेला होता. भिंतीला तसलाच डबा, अर्धा. मालकाच्या भावाचं औषधाचं दुकान होतं. बंदी आली तेव्हा उरलेला माल ह्यांनी माळ्यावर टाकला होता. “जुनंच जालीम,” मालक सगळ्यांना सांगायचा, “आताच्यात दम न्हाई.”

बाया बसल्या. मी उभीच राहिले.

“काहून उभी?” मालक म्हणाला.

“अण्णा, हे बंद झालेलं हाय. मी ह्यात हात घालणार न्हाई.”

“डॉक्टरीण झालीस का? चार बुकं शिकली तर लई कळायला लागलं?”

मी ओट्याकडं बोट केलं.

“आधी मालकीणबाईला हात घालू द्या. मग मी घालते.”

मालकीण ओट्यावर होती. तिचा चेहरा मी बघितला. ती एक पाऊल मागं सरकली होती. नुसतं म्हणलं तर मागं सरकली.

मालक हळू आवाजात म्हणाला, “चल नीघ. परत ह्या अंगणात दिसू नको.”

मी निघाले. मला वाटलं, मागनं एखादी तरी उठंल. फाटकापर्यंत कान मागंच होते माझे. ड्रमातल्या पाण्याचा आवाज परत सुरू झाला तेव्हा मी रस्त्याला लागले.

मग सगळंच बंद झालं. त्याचं काम गेलं, त्याच्या भाऊबंदांचं गेलं. सुभद्रा घरासमोरून जाताना पदर तोंडावर ओढायची. हापशावर बाया बोलता बोलता गप व्हायच्या. सासू म्हणाली, “तुझ्यामुळं आमचं बी काम जाईल.” वरच्या गल्लीनं लांब ठेवलं त्याची आमाला सवय होती. आपल्याच वाड्यानं लांब ठेवलं तेव्हा काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर मी आणि पोरगी. तिला शब्द उशिरा येऊन राहिले होते. ती बोलायची न्हाई, मला बोलायला कुणी न्हाई.

महिनाभर तसंच काढलं. मग एका सकाळी वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. चार वेळा खोडला. डबा पिशवीत घातला, पोरीला कडेवर घेतलं आणि तालुक्याच्या शेतकी ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, “निनावी देता का बाई? तुम्हालाच त्रास होईल.”

मी नाव लिहिलं. पूर्ण. नवऱ्याचं, सासरचं, गावाचं.

दोन महिन्यांनी तपासणीला साहेब आला. मालकाच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. चहा झालेला. ड्रम धुऊन पालथा. बाया भिंतीला उभ्या. साहेबानं एकेकीला विचारलं. “न्हाई साहेब, आमी काही बघितलं न्हाई.” सुभद्रानं बी तेच सांगितलं. माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. तिची बोटं मी बघितली, साल निघालेली.

“तक्रारदार कोण?”

मी पुढं झाले. साहेबानं कागदावरनं मान वर केली.

“एकटीच आहेस?”

“व्हय. एकटीच हाय. लिहा.”

त्यानं लिहिलं. त्या शेतातली माती घेतली, हापशाचं पाणी घेतलं, बाटल्यांना मोहर लावली. अहवाल अजून आला न्हाई. मी जाऊन विचारते, ते म्हणतात येईल. मालकाचा निरोप दोनदा आला, अर्ज माघारी घे, परत कामावर ये. मी निरोप्याला दारातच सांगितलं, अर्ज माघारी येणार न्हाई, आणि मी बी येणार न्हाई.

लावणी परत तोंडावर आली हाय. त्याचं अंगण मला बंद हाय, समोरचा रस्ता सरकारी हाय. मी तिथं उभी राहणार, आत जाणाऱ्या हरेक बाईला अडवणार. सुभद्रा शिव्या देईल, देऊ दे. माझ्या देखत एका बी बाईचा उघडा हात त्या पाण्यात जाऊ देणार न्हाई.